फुलोऱ्यातले सोयाबीन, बंद पडलेले ड्रिपर आणि ०:५२:३४

आपला प्रश्न लांब आहे आणि त्यात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी तो आधी थोडक्यात मांडतो. आपण जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले, चार एकर सोयाबीन आणि दोन एकर मोसंबी. पेरणीच्या वेळी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे खत) मिळाले नाही, म्हणून सोयाबीन खताविनाच पेरले गेले. आता ते फुलोऱ्यात आहे आणि फुले गळत आहेत. दुकानदाराने ०:५२:३४ दिले व सांगितले की याने फुलगळ थांबेल आणि राहिलेल्या डीएपीची भरपाईही होईल. मोसंबीला आपण हेच खत कॅल्शियम नायट्रेटसोबत एकाच बादलीतून व्हेंचुरीने (ठिबकच्या पाण्यात खत ओढून घेणाऱ्या साधनाने) सोडले, आणि दोन दिवसांत निम्मे ड्रिपर, म्हणजे ठिबकची थेंब सोडणारी तोंडे, बंद पडले. पुड्यात खडे निघाले, त्यामुळे माल भेसळीचा असावा अशी आपल्याला शंका आहे.

मी माती-पाणी परीक्षणाचे आणि पीक-सल्ल्याचे काम करतो, आणि खरिपात रोज येणाऱ्या प्रश्नांपैकी बरेचसे असेच असतात. माझ्या मते हे सगळे प्रश्न एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, ती म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) आणि कॅल्शियम यांचे नाते. ते एकदा लक्षात आले की हे खत कुठे वापरावे, कुठे वापरू नये आणि कशात मिसळू नये, याचा निर्णय आपण स्वतः घेऊ शकाल.

०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट; हे तीन आकडे म्हणजे त्यातल्या नत्र (नायट्रोजन), स्फुरद आणि पालाश (पोटॅशियम) यांची टक्केवारी. फॉस्फोरिक आम्लात निघू शकणारे तीन हायड्रोजन असतात. त्यातल्या एकाच्या जागी पोटॅशियम बसले की हे क्षार तयार होते. दोन हायड्रोजन अजून शिल्लक असल्याने त्याचे द्रावण आम्लधर्मी राहते, एक टक्का द्रावणाचा सामू (पीएच) साधारण साडेचार भरतो. दोन हायड्रोजनांची जागा पोटॅशियमने घेतली तर जे डायपोटॅशियम फॉस्फेट मिळते त्याचे द्रावण विम्लधर्मी असते, आणि तिन्हींची घेतली तर अतितीव्र विम्ल. शुद्ध स्वरूपात हे पांढरे किंवा रंगहीन, स्फटिकासारखे असते. २० अंश तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे २२ ग्रॅम विरघळते, पाणी कोमट असेल तर आणखी जास्त. नत्र नाही, क्लोराईड नाही, सोडियम जवळजवळ नाही, आणि क्षारभारही कमी, म्हणून पान भाजण्याचा धोका इतर अनेक खतांपेक्षा कमी राहतो. या स्वच्छपणामुळेच प्रयोगशाळेत सामू स्थिर ठेवण्याच्या द्रावणांत, खाद्यपदार्थांत आणि यीस्ट वाढवण्याच्या माध्यमातही ते वापरतात. त्याचे मोठे स्फटिक वाढवून लेसरच्या प्रकाशाची वारंवारता दुप्पट करण्यासाठीही वापर होतो. आपल्याला त्यातले फवारणी आणि ठिबक एवढेच बघायचे आहे.

आता आपली जमीन. मराठवाड्यातली काळी माती बेसाल्ट खडकापासून झालेली, चिकण जास्त, बहुतेक ठिकाणी चुनखडीयुक्त आणि सामू साडेसातच्या वर. अशा मातीत विद्राव्य स्फुरद पडले की ते मातीतल्या कॅल्शियमला धरते. आधी कमी विरघळणारे डायकॅल्शियम फॉस्फेट होते आणि कालांतराने त्याहून घट्ट अशी संयुगे होत जातात. स्फुरद त्यामुळे वाया जात नाही, ते जमिनीतच राहते व पुढच्या पिकांना थोडे थोडे मिळत राहते, पण यंदाच्या पिकाच्या हाती त्यातला लहानसाच वाटा लागतो. शिवाय स्फुरद मातीत सरकत नाही म्हटले तरी चालेल. जिथे पडले तिथून काही मिलिमीटर, फार तर काही सेंटीमीटर. म्हणून पेरणीबरोबर बियाण्याच्या खाली आणि बाजूला दिलेल्या स्फुरदाची सर नंतर वरून फेकलेल्या खताला कधीच येत नाही. आता उभ्या सोयाबीनमध्ये डीएपी मिळाले तरी ते ओळीत फेकू नका असे मी सांगतो, ते याच कारणाने.

पालाशाचे चित्र याच्या उलट आहे. आपल्या काळ्या जमिनींत उपलब्ध पालाश बहुधा भरपूर निघतो, त्यामुळे ०:५२:३४ मधल्या चौतीसवर फार भर देऊन पैसे मोजण्याचे कारण सोयाबीनमध्ये सहसा नसते. हलक्या, मुरमाड रानात आणि फळ फुगताना मोसंबीत गोष्ट वेगळी. आपल्या रानाचा माती-अहवाल हाती नसताना मी यापुढे जाऊन बोलणार नाही.

दुकानदाराचा भरपाईचा दावा हिशेबाने तपासू. फवारणीचे नेहमीचे प्रमाण अर्धा टक्का, म्हणजे दहा लिटरला ५० ग्रॅम. एकरी २०० लिटर पाणी धरले तर एक किलो खत लागते. त्यातून ५२० ग्रॅम स्फुरद व ३४० ग्रॅम पालाश पानावर पडते, तेही सगळे आत शिरत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठाची सोयाबीनची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ३० किलो पालाश अशी आहे. म्हणजे एकरी स्फुरद २४ किलो. एका फवारणीत त्यातले दोन टक्के जेमतेम जातात. डीएपीच्या ५० किलोच्या एका गोणीत २३ किलो स्फुरद असते. तेवढे ०:५२:३४ मधून द्यायचे म्हटले तर एकरी ४४ किलोच्या आसपास खत लागेल, आणि त्याचा किलोचा भाव पाहता तो विचारही करण्यासारखा नाही. एक टक्क्याच्या दोन फवारण्या केल्या तरी एकरी दोन किलोच स्फुरद होते. त्यामुळे भरपाई होईल हे म्हणणे सोडून द्या.

मग फवारणी करावीच का? माझे उत्तर होय असे आहे, पण अटींवर. फुलोरा ते शेंगा भरण्याच्या काळात पिकाची स्फुरदाची ओढ वाढते, आणि त्याच काळात आपल्याकडे एक तर पावसाचा खंड पडतो किंवा आठ-आठ दिवस झड लागून रान वापशावर येत नाही. दोन्ही वेळी मुळे मंदावतात. पान मात्र काम करत असते. अशा वेळी पानातून मिळालेले थोडे स्फुरद मुळांच्या उपासमारीवर तात्पुरता आधार म्हणून उपयोगी पडते. मी फरक पाहिला आहे तो मुख्यतः पाणी साचून पिवळट पडलेल्या आणि नंतर उघडीप मिळालेल्या रानात. ज्या रानात पेरणीचे खत नीट पडले आहे, ओल चांगली आहे आणि पीक काळेभोर आहे, तिथे या फवारणीचा फरक डोळ्यांना सहसा दिसत नाही. आपल्या रानात पेरणीचे खत नाही, म्हणून फायदा होण्याची शक्यता अधिक. पण पीक दुपारी माना टाकत असेल तर आधी एखादे संरक्षित पाणी द्यावे, तुषार असतील तर उत्तमच, आणि मग फवारणी. कोमेजलेले पान फवारणीतले फारसे आत घेत नाही.

फुलगळीबद्दल थोडे सावध राहायला हवे. सोयाबीन जेवढी फुले काढते त्या सगळ्यांच्या शेंगा चांगल्या रानातही होत नाहीत. बरीच फुले गळणे हा या पिकाचा स्वभावच आहे. त्यापलीकडची गळ असेल तर कारण आधी शोधा. सकाळी रानात जाऊन दोन ओळींच्या मध्ये पांढरे कापड किंवा पोते अंथरावे आणि झाडे त्यावर हलवावीत. फुले व कोवळ्या कळ्या खाणाऱ्या लहान अळ्या पडल्या तर आपला प्रश्न खताचा नाही. पुढे ज्याला आपण अफलन म्हणतो, झाड हिरवेगार आणि शेंगा नाहीत, त्यामागे अनेकदा याच अळ्या असतात. झाडाचा शेंडा सुकत असेल तर खोड उभे चिरून बघा. आत पोखरलेली नागमोडी लालसर रेघ दिसली तर ती खोडमाशी. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या रानात नेहमीची, आणि तिच्यावर ०:५२:३४ फवारून काहीच होत नाही. उलट स्फुरद फार झाले तर जस्त आणि लोह या दोहोंची अडचण वाढते.

फवारणी करायचीच ठरली तर अर्धा टक्का पुरे. पंधरा लिटरच्या चार्जिंगच्या पंपाला ७५ ग्रॅम, वीस लिटरच्या पंपाला १०० ग्रॅम. पहिली आता, दुसरी शेंगा भरू लागल्यावर. दुसरीला एक टक्क्यापर्यंत जाता येते, पण कडक उन्हात नको. मुठीने माप घेऊ नका, वजन करा. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाने कमी पाण्यात फवारणी करणारे पंपामागचे प्रमाण तसेच ठेवून पाणी निम्म्यावर आणतात आणि मग एकरी खतही निम्मेच पडते. दुसरीकडे काही जण एकरी खत तेवढेच ठेवून द्रावण दुप्पट गाढ करतात आणि कडा करपल्या की खताला दोष देतात. वेळ संध्याकाळची धरावी, कारण पान जितका वेळ ओले राहील तितके खत आत जाते. वाळून स्फटिक झालेले खत पानावरच बसून राहते.

पाणी कोणते घेता यावर बरेच अवलंबून आहे. बोअरचे पाणी जड असते. त्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट दोन्ही असतात. फवारणीच्या प्रमाणात हे खत स्वतःच पाण्याचा सामू खाली आणते, त्यामुळे द्रावण सहसा लगेच दुधाळ होत नाही, पण पाणी फारच जड असेल तर तासा-दोन तासांत ढगाळते. म्हणून द्रावण भरून ठेवू नका, बनवले की मारा, आणि शेततळ्यात पावसाचे पाणी असेल तर फवारणीला तेच घ्या.

मिसळण्याच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. ०:५२:३४ सोबत कॅल्शियमयुक्त काहीही नको, बोर्डो मिश्रण नको, झिंक सल्फेट आणि फेरस सल्फेट नको. जस्त-लोहाचे फॉस्फेट होऊन दोन्ही अन्नद्रव्ये तळाशी बसतात. जस्त द्यायचेच असेल तर ईडीटीए चिलेटेड स्वरूपातले चालते. कॉपर ऑक्सिक्लोराईडसोबत विशेष टाळावे, कारण द्रावण आम्लधर्मी झाले की तांबे जास्त सुटते आणि पाने करपतात. कीटकनाशकाबरोबर घ्यायचे झाल्यास लेबलवरची सूचना पाहावी आणि आधी बाटलीत मिसळून थोडा वेळ थांबून पाहावे.

आता ड्रिपर. आपण जे केले त्याचे रसायनशास्त्र वर आलेच आहे: कॅल्शियम नायट्रेटमधले कॅल्शियम आणि यातले फॉस्फेट बादलीतच भेटले, कॅल्शियम फॉस्फेटचा साका झाला आणि तो फिल्टरच्या पुढे, लॅटरलमध्ये (झाडांच्या ओळीतल्या बारीक नळ्यांत) आणि ड्रिपरच्या बारीक वाटेत बसला. दोन्ही खते चांगली होती, दोघांची गाठ पडायला नको होती. पण वेगवेगळी दिली म्हणजे संपले असेही नाही. ठिबकच्या पाण्यात खत फार पातळ होते, तिथे पाण्याचा सामू खाली आणण्याएवढी आम्लता त्यात उरत नाही, बायकार्बोनेट वरचढ ठरते आणि बोअरचे पाणीच स्वतःच्या कॅल्शियमने फॉस्फेट खाली बसवते. फवारणीच्या टाकीत स्वच्छ राहणारे खत ठिबकमध्ये अडचण करते, ते यामुळे.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. पाण्याची एक पारदर्शक बाटली घ्या, बोअरचे ताजे पाणी भरा, ठिबकमध्ये जेवढे पातळ होणार त्याच प्रमाणात खत टाका, हलवा आणि रात्रभर ठेवा. एक बाटली साध्या पाण्याची शेजारी ठेवा. सकाळी दोन्ही बाटल्या उजेडासमोर धरून, मागे काळे कापड ठेवून पाहा. धूसरपणा किंवा तळाला पांढरा थर दिसला तर त्या पाण्यात हे खत तसेच सोडू नये. पाणी आम्लाने उतरवून द्यावे किंवा स्फुरद फॉस्फोरिक आम्लातून देण्याचा विचार करावा. तसे करताना किती आम्ल, हे पाण्यातल्या बायकार्बोनेटवर ठरते, अंदाजाने नाही.

बंद पडलेले ड्रिपर उघडण्यासाठी आम्ल-प्रक्रियाच करावी लागेल. आधी फिल्टर धुवा, सबमेन (लॅटरलना पाणी पुरवणारी नळी) आणि लॅटरलची तोंडे उघडून गाळ बाहेर काढा. मग हायड्रोक्लोरिक आम्ल व्हेंचुरीतून एवढे सोडा की शेवटच्या ड्रिपरमधून पडणाऱ्या पाण्याचा सामू कागदाने ४ च्या आसपास दिसेल; साका जुना आणि घट्ट असेल तर त्याहून खाली जावे लागते. पाणी बंद करून आम्ल नळ्यांत २४ तास राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाण्याने सगळे धुवून काढा. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. हातमोजे आणि चष्मा हवाच. क्लोरीनची प्रक्रिया आणि आम्ल एकाच वेळी करू नये, विषारी वायू सुटतो. यापुढे कॅल्शियम नायट्रेट एका दिवशी आणि फॉस्फेट दुसऱ्या दिवशी द्या, मध्ये स्वच्छ पाणी सोडून. प्रत्येक वेळी आधी साधे पाणी, मग खत, आणि शेवटी पुन्हा साधे पाणी, हा क्रम चुकवू नका.

पुड्यातल्या खड्यांवरून मात्र माल खोटा ठरत नाही. हे खत युरियासारखे झपाट्याने ओल धरत नाही, पण पुडा फुटलेला असेल किंवा दुकानाच्या ओलसर फरशीवर राहिला असेल तर खडे होतात. फोडून वजन केले की ते तितकेच कामाचे. भेसळीची शंका वेगळ्या मार्गाने तपासता येते. शंभर ग्रॅम खत एक लिटर स्वच्छ पाण्यात, शक्यतो पावसाच्या किंवा आरओच्या पाण्यात, ढवळा. काही मिनिटांत पूर्ण विरघळून पाणी स्वच्छ दिसायला हवे, तळाशी भुकटी किंवा वर तवंग राहायला नको. सामूचा कागद चार ते पाच दाखवील. मग त्यातले थोडे द्रावण वाटीत घेऊन खायच्या चुन्याचा एक बोटभर गोळा त्यात कालवा आणि वास घ्या. अमोनियाचा उग्र वास आला तर त्यात १२:६१ किंवा दुसरे अमोनियमयुक्त खत मिसळलेले आहे; खऱ्या ०:५२:३४ मध्ये नत्रच नसल्याने तो वास यायला नको. नुसता पांढरा साका झाला तर काळजी नाही, ते कॅल्शियम फॉस्फेट आहे. या चाचणीत मीठ किंवा पोटॅश मिसळलेले कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. पक्के बिल आणि पुड्यावरचा बॅच क्रमांक जपून ठेवा. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशानुसार नमुना अधिकृत निरीक्षकाने काढलेला असेल तरच त्या अहवालावर कारवाई होते, आपण स्वतः नेऊन दिलेल्या पुडीवर होत नाही. त्यामुळे शंका बळावली तर उरलेला पुडा घेऊन तालुका कृषी कार्यालयात लेखी तक्रार द्या.

मोसंबीबद्दल एक वेगळी खबरदारी. डिंक्यासाठी (खोडातून डिंक गळण्याच्या बुरशीजन्य रोगासाठी) दुकानात जी पोटॅशियम फॉस्फोनेट किंवा फॉस्फाइटची बाटली मिळते ती आणि ०:५२:३४ या निराळ्या वस्तू आहेत, जरी दोन्हींच्या लेबलवर फॉस्फरस आणि पोटॅशियम लिहिलेले असते. फॉस्फाइट डिंक्याच्या बुरशीवर काम करते, पण झाड त्याचे स्फुरद अन्न म्हणून थेट वापरू शकत नाही. ०:५२:३४ अन्न म्हणून चालते, पण डिंक्यावर त्याचा भरवसा धरू नये. भुरीवर (पानांवर पांढरी भुकटी दिसणाऱ्या बुरशीजन्य रोगावर) मात्र मोनो पोटॅशियम फॉस्फेटच्या फवारणीचा काही परिणाम होतो, हे इस्रायलमधल्या प्रयोगांत १९९० च्या दशकात दिसले आहे, त्यामुळे आंब्याच्या मोहरात किंवा वेलवर्गीय भाज्यांत त्याचा दुहेरी उपयोग होऊ शकतो. तरी भुरी वाढलेली असेल तर बुरशीनाशकाला ते पर्याय नाही.

पुढच्या खरिपात डीएपी पुन्हा मिळाले नाही तर थांबू नका. एकरी तीन गोण्या सिंगल सुपर फॉस्फेटमधून २४ किलो स्फुरद मिळते, सोबत सोयाबीनला हवे असलेले गंधकही येते, आणि नत्रासाठी २६ किलो युरिया पेरणीच्या वेळी पुरतो. खत बियाण्याला चिकटू न देता खाली पेरावे, एवढे पाहा.

मोसंबीला ठिबकमधून किती स्फुरद द्यावे हे मी आत्ता सांगत नाही, कारण झाडांचे वय, कोणता बहार धरला आहे आणि माती-पाण्याचा अहवाल यावाचून तो आकडा निरर्थक ठरेल. बोअरच्या पाण्याचा नमुना घेताना पंप दहा-पंधरा मिनिटे चालू द्या, बाटली त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भरा, आणि परीक्षणात सामू व क्षारतेबरोबर कार्बोनेट, बायकार्बोनेट, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मागून घ्या. हे आकडे, बाटलीच्या परीक्षेत सकाळी काय दिसले ते, आणि झाडांचे वय इथेच लिहा. आम्लाचे प्रमाण आणि स्फुरदाचे वेळापत्रक त्यावरून काढून देतो.